बीएसए 12/15 मार्टिनी: शिक्के जुळले, नळी मोजली, भाव अजून बाकी

बीएसए या ब्रिटिश कंपनीची ही .22ची रायफल विकायची आहे, परवाना पुणे पोलीस आयुक्तालयाचा. तपासणी परवानाधारकासमोर, त्याच्याच घरी, ब्रीच (नळीचं मागचं तोंड) उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याचं बघूनच सुरू केली.

पहिल्यांदा शिक्के, म्हणजे नळी दाब सोसते अशी चाचणी झाल्याच्या खुणा. नळीवर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी असे तीन स्वच्छ दिसतात. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे हे 1904 ते 1954 या काळातले शिक्के. 12/15 मॉडेल 1950च्या सुमारास बंद झालं, म्हणजे तिन्ही शिक्के मूळ नळीचे मानायला हरकत नाही. याच मॉडेलवर मुकुटाखाली बीएनपी दिसला तर थांबावं. तो शिक्का 1954 नंतरचा, म्हणजे नळी बदललेली किंवा नंतर काम करून पुन्हा चाचणीला गेलेली. पार्कर-हेल ही ब्रिटिश बंदूक कंपनी; ते झिजलेल्या नळीत नवी आतली नळी बसवून द्यायचे. तशा नळीवर 'पार्करायफल्ड' असं कोरलेलं असतं आणि तोंडाशी भिंगातून बारीक गोल सांधा दिसतो. अशी रायफल नेम उत्तम धरते, पण मूळपणाचे पैसे तिला मिळत नाहीत. इथे सांधा नाही.

मग नळीची आतली बाजू. जुन्या प्रायमरमधल्या (काडतूस पेटवणाऱ्या मसाल्यातल्या) क्लोरेटचा क्षार आत राहायचा आणि हवेतला ओलावा ओढायचा. .22च्या काडतुसात दारू इतकी थोडी की तो क्षार पातळ होऊन बाहेर फेकला जात नसे, म्हणून चेंबरच्या पुढच्या दोन-तीन इंचांतच खड्डे आधी पडतात. इथे तिथेच हलकी खरबड आहे, सरींच्या (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांच्या) कडा मात्र शाबूत. मऊ शिशाची गोळी तेल लावून गजाने सावकाश ढकलली. ती सगळीकडे सारख्या जोराने सरकली पाहिजे. मध्येच सैल झाली तर तिथे नळी फुगलेली असते. बाहेर आलेल्या गोळीवर उमटलेल्या ठशावरून सरींच्या तळाचा व्यास साधारण 5.64 ते 5.66 मिलिमीटर यायला हवा. सरींची संख्या विषम असेल तर साधा मायक्रोमीटर फसवतो, कारण गोळीवरचे दोन उंचवटे समोरासमोर येतच नाहीत.

चेंबरची कड आवर्जून बघा. रिकामी रायफल सतत चाप ओढून वाजवली की पिन थेट कडेवर आपटते, तिथे दाब पडतो, बारीक बर (धातूची वर आलेली धार) उठतो आणि काडतूस अडकायला लागतं. इथे एक पुसट खूण आहे, बर नाही.

ब्लूइंगबद्दल, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या थराबद्दल, आमचं मत ठाम आहे: हात लावू नका. पॉलिश करून नव्याने ब्लूइंग केलं की कोपरे गोल होतात, स्क्रूभोवती खळगे पडतात, अक्षरं उथळ होतात आणि जाणकाराच्या नजरेत किंमत तिथेच पडते. करड्या पडलेल्या जागा तशाच राहू द्या. पुण्याच्या पावसाळ्यात कापडी किंवा चामडी खोळीत रायफल ठेवली की ओल धरते. गंज दिसतो तो नळी आणि पुढच्या लाकडाच्या मधल्या फटीत. इथे पुढचं लाकूड काढलं तेव्हा खाली तांबूस थर निघाला. तो बारीक स्टील वूल आणि तेलाने पुसला, घासला नाही.

मागची अ‍ॅपर्चर साईट (बारीक भोकातून नेम धरायची) नाही, बसवायची भोकं मात्र आहेत. जोडीची साईट सापडली तर संग्राहकासाठी मोठा फरक पडतो. वाट्टेल ती साईट बसवण्यासाठी नवं भोक पाडलं तर उलटं नुकसान.

भावासाठी परदेशी लिलावांचे आकडे इथे चालत नाहीत. 1980च्या दशकापासून सर्वसामान्यांना आयात बंद असल्याने माल मोजकाच आहे, आणि गिऱ्हाईक बहुतेक नेमबाज. त्यांना नळी हवी, तारीख नको. दुसरीकडे 2019च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे घरातली तिसरी रायफल विक्रीला येते आणि मालक घाईत असतो. घाईतल्या सौद्याचा आकडा तुलनेसाठी धरू नका. तुलना करायची तर भारतात, त्याच मॉडेलची, त्याच अवस्थेतली आणि परवाना नीट असलेली.

कागदांत एक अडचण निघाली: परवान्यावरच्या क्रमांकात बॉडीवरच्यापेक्षा एक अंक वेगळा आहे. नूतनीकरणाच्या नकलेत असं होतं. दुरुस्ती होईपर्यंत भाव बोलण्यात अर्थ नाही. त्यानंतर विक्रीचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा आणि 45 दिवस जाऊ द्यायचे, मगच परवानाधारक खरेदीदाराला हस्तांतर.