शीची जागा

भांडुपच्या एका नर्सिंग होममध्ये मुलगा झाला. वजन तीन किलो, रडणं खणखणीत, संध्याकाळपर्यंत पेढेही वाटून झाले. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली. लंगोट बदलताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्याला शीची जागा कुठाय?" तिथे नुसती गुळगुळीत कातडी, मधे बारीकशी खळी. जन्मल्याबरोबर बघायची गोष्ट, चोवीस तास कुणी पाहिलीच नव्हती. तो राग अजून गेलेला नाही.

परळला वाडिया हॉस्पिटलात नेलं. शू हिरवट होती, म्हणजे आतड्याचं टोक लघवीच्या नळीत उघडलेलं. पाच हजारांत साधारण एका बाळाला असा दोष असतो म्हणे. सोबत हृदय, किडन्या, मणका, अन्ननलिका यांतही दोष असू शकतो, म्हणून सगळं तपासलं. तिथे आम्ही सुटलो. सासूबाईंनी विचारलंच, "ग्रहणात हिने काही चिरलं असेल का?" सर्जनबाई म्हणाल्या, "आजी, हे गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घडतं. ग्रहणाचा काही संबंध नाही."

त्याच रात्री कोलोस्टॉमी केली. म्हणजे शी बाहेर यायला पोटावर डावीकडे आतड्याचं तोंड काढलं, लालबुंद, ओलसर. हात लावायला मी दोन दिवस घाबरले. त्याला तिथे दुखत नाही, हे कळल्यावर धीर आला. एवढ्याशा पोटावर पिशवी टिकेना, मग मऊ सुती कापडाच्या घड्याच बांधल्या.

तिसऱ्या महिन्यात मोठं ऑपरेशन. पाठीमागून मधोमध छेद घेऊन, विजेच्या सूक्ष्म झटक्याने स्नायू कुठे आकसतात ते बघत नवी जागा करतात. ही पद्धत पेन्या नावाच्या सर्जननी १९८२मध्ये मांडलेली.

पण खरं कठीण त्यानंतर होतं. दोन आठवड्यांनी डायलेटेशन, म्हणजे नवी जागा रुंद करणं, सुरू झालं. स्टीलच्या गुळगुळीत कांड्या, जेली लावून, दिवसातून दोनदा. नंबर हळूहळू वाढवत न्यायचा, नाहीतर जागा आक्रसते. नवरा पाय धरायचा, मी कांडी घालायचे. चाळीत भिंतीला भिंत. सकाळचं आम्ही नळाला पाणी यायच्या वेळी उरकायचो, बादल्यांच्या खडखडाटात रडणं बुडायचं. संध्याकाळी मात्र शेजारच्या काकू हमखास विचारायच्या, "आज परत पोटात दुखतंय का गं?" मी "हो" म्हणायचे.

पुढे पोटावरचं तोंड बंद केलं. तीन दिवसांनी नव्या जागेतून पहिली शी झाली आणि मी वॉर्डातच रडले. मग दिवसाला पंधरा-पंधरा वेळा! ढुंगण सोलवटून लाल. झिंकचं मलम थापायचं, कोमट पाण्याने धुवायचं.

आता चार वर्षांचा आहे. बद्धकोष्ठ होतं, औषध चालू आहे. जेवण झालं की पॉटवर बसवते आणि तो तिथून ओरडतो, "आई, अजून येत नाहीये!"