सिस्टर, तुमचा पगार जातो कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रवासात, पालकसभेत, नात्यातल्या लग्नात, गाडी शेवटी इथेच येते: ‘सिस्टर, शाळेत शिकवता, पगार मिळतो, मग तो जातो कुठे?’ न विचारलेला प्रश्नही मला ऐकू येतो: गरिबीचं व्रत घेतलेल्यांच्या इमारती एवढ्या मोठ्या कशा?

पगार आमच्या सिस्टरांच्या संस्थेत जातो, सगळा. चर्चच्या कायद्यातलं कलम ६६८ सांगतं की व्रतस्थ माणूस आपल्या कामातून जे मिळवेल ते संस्थेचं. त्यातून घर चालतं, थकलेल्या सिस्टरांची औषधं येतात, काही मुलांची फी भरली जाते. मला चपला हव्या असल्या तर मी सुपिरियरकडे, म्हणजे आमच्या प्रमुख सिस्टरकडे, मागते. त्याची मला लाज वाटत नाही, आणि तुम्ही कीवही करू नका.

‘मग शाळेत फी घेताच कशाला?’ जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने १५४८ साली इटलीतल्या मेसिनाला कॉलेज काढलं तेव्हा मुलांकडून फी घेतली नाही, पण खर्च त्या शहराने उचलला होता. फुकट शाळेचे पैसेही कुणीतरी भरतच असतं.

हे सगळं मी तोंडपाठ म्हणू शकते. एकदाच म्हणता आलं नाही.

सहावीतल्या एका मुलीची दोन सत्रांची फी थकली होती. तिची आजी आली. तिने पिशवीतून जुन्या पावत्या काढल्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, रबरबँडने बांधलेल्या. एकेक करून माझ्यासमोर ठेवल्या, आपण बुडवणारे नाही हे दाखवायला. मग हळूच म्हणाली, ‘सिस्टर, तुम्हीच उसने द्या. तुम्हाला तर पगार आहे.’

मी म्हटलं, ‘आजी, माझ्याकडे पैसे नसतात.’

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या नव्या इमारतीकडे. काही बोलली नाही. पावत्या गोळा करताना रबरबँड तुटला. मी खरं तेच बोलले होते, आणि तिला ते खोटं वाटलं होतं.

मी सुपिरियरकडे गेले. त्या वर्षीचा मदतनिधी संपला होता. ‘पुढच्या वर्षी बघू,’ त्या म्हणाल्या. मी ‘बरं’ म्हणून परत आले. सुट्टीनंतर मुलगी आलीच नाही. तपासायला घेतलेली तिची भूगोलाची वही माझ्याकडेच राहिली, नकाशात नद्या काढलेल्या, नावं घालायची बाकी.

महिन्याभराने आमच्या एक शिक्षिका, घरी दोन मुलं असलेल्या, मला म्हणाल्या, ‘मला सांगायचंत ना, मी भरली असती.’

तेव्हा मी माझ्या गप्प बसण्याला आज्ञापालन म्हणत होते. आज म्हणवत नाही. पुन्हा मागायला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. नकार ऐकायची भीती होती, आणि भीतीला व्रताचं नाव देणं सोपं गेलं.

ज्याँ-बातिस्त द ला साल या फ्रेंच धर्मगुरूंनी १६८० च्या सुमारास गरीब मुलांसाठी मास्तर गोळा केले. देवावर भरवसा ठेवा म्हटल्यावर त्या मास्तरांनी सुनावलं की तुम्हाला बोलायला काय, तुमच्याकडे संपत्ती आहे. ला साल यांनी चर्चमधलं मानाचं पद सोडलं आणि दुष्काळात सगळी संपत्ती भाकरी वाटण्यात घालवली. नवशिकी असताना हे ऐकून मी भारावले होते. आता मनात येतं, त्यांच्या हातात द्यायला काहीतरी होतं. व्रत घेतल्यावर मी गरिबांच्या शेजारी जाऊन बसेन असं मला वाटलं होतं. पण आजीच्या डोक्यावर कर्ज होतं, माझ्या डोक्यावर छप्पर.

तरीही व्रत चुकलं असं मी म्हणणार नाही. सगळ्यांचे पगार एकत्र आले नसते तर निधीवर शिकलेली बाकीची मुलं शिकली नसती. हा हिशेब आजीला सांगायची मात्र माझी हिंमत नाही.

यंदा एका मुलासाठी मी सुपिरियरकडे तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्या चिडल्या. सोमवारी पुन्हा जाणार आहे.