तिकिटावर मालवण, उतरवलं कसालला: होळीच्या सुट्टीतली सहा जणांची तारकर्ली

आधी कसालचं सांगते, कारण या सहलीतलं दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं वाचा.

पुण्याहून गोव्याकडे जाणाऱ्या खासगी स्लीपर गाडीचं तिकीट आम्ही काढलं होतं. त्यावर उतरण्याचं ठिकाण 'मालवण' असं स्वच्छ लिहिलं होतं. रात्री पावणेचारला क्लीनरने पडदा सरकवून हाक मारली, "मालवणवाले, चला." झोपेत सॅका ओढत खाली उतरलो, गाडी निघून गेली, आणि मग समोरची पाटी वाचली. कसाल. मुंबई-गोवा महामार्गावरचा हा तिठा. इथून मालवणला रस्ता फुटतो आणि पुढे तीसेक किलोमीटर जायचं असतं. समुद्र नाही, स्टँड उघडा नाही, एक दिवा आणि चार कुत्री. आम्ही सहा जण, त्यात चार मुली.

फोन केला तर एजंटचं उत्तर तयार होतं: "मालवणसाठी तोच पॉइंट असतो." म्हणजे त्यांना माहीत होतं. तिकीट काढताना हे कुणी बोललं नाही, नकाशावरचा ठिपका मात्र मालवणच्या नावाने होता.

दहा मिनिटांत दोन रिक्षा आल्या. एका रिक्षाचे 900, दोन्हींचे मिळून 1800. घासाघीस केली, पण पहाटे चारला मुली सोबत असताना घासाघिशीला जोर नसतो आणि हे समोरच्यालाही कळतं. दिले. मालवणात पोचलो तेव्हा पाच वाजत होते, आणि आमची खोली सकाळी नऊला मिळणार होती. म्हणजे 1800 रुपये देऊन आम्ही मालवण स्टँडच्या बाकावर चार तास बसलो. तेच कसालला चहाची टपरी उघडेपर्यंत थांबलो असतो, तर सकाळच्या एसटीने शंभराच्या आत, आणि मुलींना त्याच्याही निम्म्यात पोचलो असतो. हे मला अजून टोचतं. सहलीचा सगळा हिशेब इथेच बिघडला.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. गाडी मालवण स्टँडवर जाते का, हे फोन करून विचारा, आणि "जवळ सोडतो" असं उत्तर आलं तर ते तिकीट काढू नका. मालवणला जाणारी थेट एसटी मिळत असेल तर तीच घ्या. एसटीत मुलींना, बायकांना 17 मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे. आमच्यासारख्या चार मुलींच्या ग्रुपला हा फरक फार मोठा पडतो. येताना आम्ही मालवणहून एसटीनेच आलो. मुलांना सहाशेच्या पुढे पडले, आम्हाला त्याच्या अर्धे. स्लीपरचे माणशी 950 दिले होते, तेही होळीचा भाव लावून. पाठ एसटीत जास्त दुखते, हे खरं. तरी मी एसटीच म्हणेन.

मुंबईकडून येणाऱ्यांना रेल्वे आहे आणि ती स्वस्त आहे. कुडाळला उतरायचं, तिथून मालवण पुन्हा तीसेक किलोमीटर, पण सकाळी उतरलात तर एसटी मिळते. दोन सूचना. एक, दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस रात्री 12:05 ची आहे. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. आमच्या हॉस्टेलमधल्या मुलींनी शुक्रवारचं काढलं आणि त्या स्टेशनवर गेल्या तेव्हा त्यांची गाडी चोवीस तासांपूर्वी गेलेली होती. दुसरी, शिमगा. गणपतीइतकी नसली तरी होळीला चाकरमान्यांची मोठी गर्दी गावी जाते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. आम्ही दहा दिवस आधी पाहिलं आणि सगळीकडे वेटिंग. म्हणून तर त्या खासगी गाडीच्या नादी लागलो. मार्चमध्येच जायचं असेल तर सबमिशन संपायची वाट बघू नका, जानेवारीतच तिकीट काढून ठेवा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्राही फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येते. तिची तारीख दर वर्षी देवीच्या कौलाने ठरते, आणि त्या दिवसांत मालवणच्या आसपास खोली मिळत नाही. तारीख बघून मगच बेत करा.

राहण्याबद्दल. आमच्या डोक्यात तारकर्लीचं रिसॉर्ट होतं, समोर झोपाळा आणि समुद्र असलेलं. ज्या दोन ठिकाणी विचारलं तिथे होळीच्या शनिवार-रविवारचा एका खोलीचा भाव साडेचार हजारांच्या पुढे सांगितला. विद्यार्थ्यांनी यात पडू नये. मालवण गावातच चिवला बीचजवळ घरगुती राहायची सोय आहे. आम्हाला दोन खोल्या दिवसाला 2400 मध्ये मिळाल्या, मुलींना मोठी, मुलांना छोटी. स्टँडवरून चालत गेलो. सॅक पाठीवर घेऊन दीड-दोन किलोमीटर चालता येतं असं गृहीत धरून सांगतेय. येत नसेल तर प्रत्येक वेळी रिक्षा लागेल, आणि मालवणात पैसे जातात ते रिक्षातच. तारकर्ली तिथून सहा-सात किलोमीटर, देवबाग त्याच्याही पुढे. देवबागला स्वस्त खोली मिळाली म्हणून खूश होऊ नका, संध्याकाळी परतायला वाहन मिळत नाही आणि वाचलेले पैसे रिक्षावाल्याला जातात.

चिवल्याला सकाळी रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढतात, ते बघा. घराच्या काकींनी पहिल्याच दिवशी आमचे चेहरे बघून सांगितलं, "आधी जेवा, मगे फिराक जावा." त्यांच्या हातचं बांगड्याचं तिखलं आणि भात, सोलकढी. माणशी 180 रुपये. पूर्ण सहलीतलं सगळ्यात चांगलं जेवण तेच.

सगळ्यात वाईट जेवण त्याच रात्री, बाजारातल्या एका हॉटेलात. मेनूवर पापलेट आणि सुरमईपुढे आकडा नव्हता, 'साईजप्रमाणे' लिहिलं होतं. आम्ही विचारलं नाही. दोन पापलेट फ्राय मागवले, एकेकाचे 700 लागले, सहा जणांचं बिल 2900. मासा ताजा होता, तक्रार चवीची नाही. ज्याच्यापुढे भाव लिहिलेला नाही तो मासा आधी ताटात आणून दाखवायला सांगा, भाव विचारा, मग हो म्हणा. गावातले लोक असंच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बांगडा थाळी नाहीतर तिसऱ्या (शिंपल्या) खा, पोट भरतं.

आता स्कुबा. 'स्कुबा आणि पाच राईड्स, फोटो-व्हिडिओसह 1000' असं फोनवर ठरलं होतं. बोटीवर चढल्यावर कळलं की व्हिडिओचे माणशी 200 वेगळे. बोट किनाऱ्यापासून दूर गेल्यावर हे सांगतात, तेव्हा परत फिरता येत नाही. जे ठरलं ते मेसेजवर लिहून घ्या आणि बोटीत बसण्याआधी दाखवा. आम्ही लिहून घेतलं नव्हतं.

स्कुबा करावं का? करावं. पण ते काय आहे ते समजून जा. पाण्यात दहा-पंधरा मिनिटं असता, इन्स्ट्रक्टर मागून धरून नेतो, तुम्हाला पोहावं लागत नाही. शिडीला धरून तोंडाने श्वास घ्यायचा सराव होतो, कान दुखले की नाक दाबून हवा ढकलायची. बाकी दोन तास डोलणाऱ्या बोटीत नंबरची वाट बघता. सकाळची पहिली बॅच घ्या आणि पोटभर नाश्ता करून जाऊ नका. आमच्यातल्या दोघांना उलट्या झाल्या आणि त्यांनी पैसे भरूनही पाण्यात पाय घातला नाही. दमा असेल तर उतरू नका. मी खाली गेले तेव्हा पाणी हिरवट होतं, पण पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या बोटांपर्यंत आले आणि त्या दहा मिनिटांत मी कसाल विसरले. एवढ्यासाठी पुन्हा जाईन.

लाइफ जॅकेट मात्र परतताना काढू नका. ओलं असतं, काचतं, सगळे काढतात. 24 मे 2022 ला याच तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता, आणि ती बोट स्कुबा करून परत येत होती.

होळीला जाणाऱ्यांसाठी भरतीचा हिशेब. काकींनी शिकवला तो असा: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे होळीच्या दिवशी साडेअकरा-बाराच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलेलं, वर पौर्णिमेचं उधाण. देवबागच्या संगमावर 'त्सुनामी आयलंड' म्हणून जो वाळूचा पट्टा दाखवतात, तो आम्ही पावणेबाराला बघितला तेव्हा तिथे मांडीपर्यंत पाणी होतं. सहा जणांचे बोटीचे 1800 देऊन आम्ही पाण्यात उभं राहून परत आलो. कुणीही सांगितलं नाही की चार तासांनी या. तुम्ही तिथी बघून जा, ओहोटी अर्धी झाली की वाळू उघडी पडते.

आणि त्याच ओहोटीत संगमाच्या टोकाला पोहू नका. कर्ली नदीचं पाणी आणि उतरतं समुद्राचं पाणी एकाच तोंडातून बाहेर जातं, ओढ प्रचंड असते. आमच्यातला पोहण्यात बक्षिसं मिळवलेला मित्र कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि त्याचे पाय सरकले. हाताला धरून ओढला. वायरीचा किनारा मालवण-तारकर्लीच्या मधे आहे. एप्रिल 2017 मध्ये बेळगावहून सहलीला आलेल्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपमधले आठ जण तिथे बुडाले. बहुतेक आमच्याच वयाचे. काकी म्हणाल्या, त्या दिवसापासून कॉलेजची मुलं आली की त्या आधी समुद्राबद्दल बोलतात, खोलीचे पैसे नंतर. लाल झेंडा असेल तिथे गुडघ्याच्या वर जाऊ नका, आणि झेंडा नसेल तिथे रापणवाल्यांना विचारा. ते खरं सांगतात.

सिंधुदुर्ग किल्ला बघितला. मालवणच्या जेटीवरून होडी जाते, आत तासाभराचा वेळ देतात. तेवढ्यात शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी होतात. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी. दुपारी गेलात तर टोपी आणि पाणी घ्या, मार्चमध्ये तटावर दगड तापतो. तिसरा दिवस चिवल्यावर लोळण्यात गेला, छान गेला.

माणशी 4000 ठरवले होते. मुलींचे 5200 गेले, मुलांचे त्याहून तीनशे जास्त. यातले 300 कसालच्या रिक्षाचे, 300 पाण्यात बुडालेल्या बेटाचे, 200 व्हिडिओचे, दोनशे तीसच्या आसपास पापलेटचे. हे चार खर्च टाळले तर मुलींची सहल चार हजारांच्या थोडं वर होते, हे मी हिशेबाची वही समोर ठेवून लिहितेय.

परतीचं तिकीट जातानाच काढा. रविवारच्या गाडीत आम्हाला शेवटच्या रांगेतल्या सहा सीट मिळाल्या, त्याही काकींच्या मुलाने दोन दिवस आधी स्टँडवर जाऊन काढून ठेवल्या होत्या म्हणून. रात्री गाडी कसालला थांबली. तिठ्यावर चार-पाच जण सॅका घेऊन उभे होते. पण ते पुण्याकडे निघालेले होते, आणि तेव्हा चहाची टपरी उघडी होती.