चाळीस सेंटिमीटरचा कैजू: मिनिएचर शहराची नोंद, टप्पा तिसरा

कैजू, म्हणजे जपानी चित्रपटांतला महाकाय राक्षसी प्राणी, छोट्या प्रतिकृतीतल्या शहरात इमारती पाडतो, असं चित्रीकरण घरीच करायचं आहे. मागच्या टप्प्यात रस्ता, विजेचे खांब आणि आकाशाचा पडदा झाला होता. या टप्प्यात इमारत ओतली, पाडली, पुन्हा ओतली. एकूण सहा इमारती गेल्या आणि त्यांतल्या दोनच पडद्यावर बघवतात. बाकीच्या चार का फसल्या, तेच इथे मुख्यतः लिहिलं आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मोजमाप. नमुना म्हणून समोर ठेवली आहे १९६६ सालची 'अल्ट्रामॅन' ही जपानी मालिका. तिचा महाकाय नायक अल्ट्रामॅन, त्याची उंची ४० मीटर मानलेली; त्याचा सूट, म्हणजे अंगभर पोशाख, घातलेला माणूस साधारण पावणेदोन मीटरचा. म्हणजे तिथलं शहर १:२३ च्या आसपास बसतं. १९५४ च्या 'गोजिरा' (गॉडझिला) चित्रपटात ५० मीटरच्या प्राण्यासाठी १:२५ धरलं होतं. एवढं मोठं शहर घरात मावत नाही, म्हणून सूटऐवजी ४० सेंटिमीटरची बाहुली आणि शहर १:१००. हा आकडा सोयीचा म्हणून घेतलेला नाही, फोनच्या कॅमेऱ्यामुळे घेतला आहे.

छोटी वस्तू मोठ्या वस्तूपेक्षा लवकर पडते. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून कॅमेऱ्याचा वेगही मोजमापाच्या वर्गमुळाने वाढवायचा. १:२५ ला पाचपट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम. १:१०० ला दहापट, म्हणजे २४०. बहुतेक बऱ्या फोनमध्ये २४० मिळतात, म्हणून १:१००. हिशोब असा: १४ मीटरच्या इमारतीच्या गच्चीवरून सुटलेला तुकडा जमिनीवर यायला १.७ सेकंद लागतात. आपल्या १४ सेंटिमीटरच्या इमारतीवरून तो ०.१७ सेकंदात येतो. २४० ने टिपला तर सुमारे ४० फ्रेम, आणि २४ ने दाखवला की बरोबर १.७ सेकंद. तोच १२० ने टिपला तर ०.८५ सेकंदात खाली, आणि डोळा लगेच म्हणतो, खेळणं.

इथे पहिली चूक सगळ्यांची होते. फोनची स्लो-मोशन फाइल बहुधा ३० फ्रेमच्या हिशोबाने चालते, म्हणजे आठपटच संथ. एडिटिंगमध्ये क्लिपचा फ्रेम रेट हाताने २४ करावा लागतो. शिवाय फोनचा फ्रेम रेट मध्येच थोडा हलतो, म्हणून आधी फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यायची. नाहीतर ऐन पडझडीत एक बारीक झटका दिसतो आणि तो कशाचा ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

इमारत

इमारत आहे साठच्या दशकातली जपानी 'दांची': पाच मजली, लिफ्ट नसलेली, आगगाडीच्या डब्यासारखी लांब वसाहत. मजल्याची उंची २.७ सेंटिमीटर, लांबी ३० आणि खोली ८ सेंटिमीटर. एका इमारतीला वाया जाणारं धरून २५० ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिस लागतं.

काचेवर खोबरेलाचा हात फिरवायचा, पण पुसून घ्यायचा. तेल साचलं तर भिंतीच्या पृष्ठभागावर फोड येतात. कडेला २ मिलिमीटर जाडीच्या माउंटबोर्डच्या पट्ट्या चिकटवून चौकट करायची. मिश्रण नेहमीपेक्षा पातळ: २५० ग्रॅम प्लास्टर, ५० ग्रॅम खडूची पूड, २०० मिलिलिटर पाणी. जास्तीचं पाणी आणि खडू हे मुद्दाम, भिंत कच्ची राहावी म्हणून. पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरमध्ये पाणी नाही, आणि फार ढवळायचं नाही. ढवळलं की ते लवकर धरतं आणि बुडबुडे अडकतात. आठ-दहा मिनिटांनी ते ओल्या साबणासारखं होतं. खिडक्या कापायची वेळ तीच. आधी कापल्या तर कडा बुजतात, उशीर झाला तर कोपऱ्यातून तडा जातो. मग एक पूर्ण दिवस उन्हात.

इमारत क्रमांक १ ची भिंत ६ मिलिमीटरची होती. बाहुलीची शेपटी लागली, इमारत अख्खीच सरकली आणि टेबलावरून खाली गेली. क्रमांक २ ची जाडी ३, ती तुटली, पण पापड मोडावा तशी दोन मोठ्या तुकड्यांत. २ मिलिमीटरची भिंत आणि आतल्या बाजूने सुरीने मारलेल्या वेड्यावाकड्या, १ मिलिमीटर खोल चिरा, हे जमल्यावर क्रमांक ३ पासून तुकडे नीट पडू लागले. चिरा सरळ मारू नयेत. चौकोनी तुकडे पडले की चॉकलेटची वडी वाटते.

क्रमांक ३ मात्र वेगळ्याच कारणाने गेली: आत काही नव्हतं. भिंत फुटली आणि मागे नुसती पोकळी. जुन्या स्वस्त चित्रपटांत इमारत खोक्यासारखी वाटते ती याच जागी. आता प्रत्येक मजल्याला जमीन, दोन आडव्या भिंती, आणि काड्यापेटीच्या तुकड्यांची कपाटं-पलंग. त्यांना रंग द्यायची गरज नाही, चाळीस फ्रेममध्ये रंग दिसत नाही. पण काहीतरी घरंगळताना दिसलं पाहिजे. आणि सळया. खरी २० मिलिमीटरची सळई १:१०० ला ०.२ मिलिमीटर होते, आणि साध्या लवचीक विजेच्या वायरीतला एकेक तंतू नेमका तेवढाच असतो. वायर सोलून तंतू मोकळे करायचे, भिंत ओतताना आडवे-उभे टाकायचे. तुटलेल्या कडेतून ते बाहेर लोंबतात आणि दोन-तीन तुकडे त्यांना लटकून राहतात. या एका गोष्टीने क्रमांक ५ जेवढी खरी वाटली तेवढी रंगकामाने वाटली नाही.

गच्चीसाठी थर्मोकोल वापरायचा मोह क्रमांक ४ ला नडला. ते हलकं असल्यामुळे हवेत तरंगत उतरलं, बाकी सगळं खाली पोचल्यावर. वर घासल्यामुळे आलेल्या स्थिर विजेने चार दाणे थेट लेन्सला चिकटले. गच्चीही प्लास्टरचीच.

धूळ

हॉलिवूडमध्ये मिनिएचरच्या धुळीसाठी जी माती पिढ्यान्‌पिढ्या वापरली, ती म्हणजे आपली मुलतानी माती. कुठल्याही आयुर्वेदिक दुकानात मिळते. ती हवेत राहते आणि ढगासारखी फुलते. नुसती मुलतानी मात्र धुकं वाटते, त्यात वजनदार काहीतरी हवं. तीन भाग मुलतानी आणि एक भाग पांढरी रांगोळी, चहाच्या गाळणीतून काढून. रांगोळीचे दाणे सरळ खाली येतात, माती मागे रेंगाळते, आणि मलबा व धूळ असे दोन थर आपोआप वेगळे दिसतात. प्रत्येक मजल्यामागे दोन चमचे पुरे. तिसरा चमचा घातला की इमारत पडली हे समजतच नाही, फक्त ढग दिसतो. सिमेंट वापरू नका, फुप्फुसाला आणि कातडीला वाईट. मुलतानीसाठीसुद्धा मास्क लावाच.

प्रकाश

२४० फ्रेमला शटर १/४८० सेकंद. नेहमीच्या दहापट उजेड हवा. घरातले एलईडी इथे उपयोगाचे नाहीत: ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि चित्रात पट्टे सरकतात. हॅलोजनचा तापलेला तंतू एवढ्या वेगाने थंड होत नाही, म्हणून ते बरं, पण लेटेक्स त्याच्या जवळ नको. सगळ्यात उत्तम आणि फुकट म्हणजे सकाळी साडेनऊ ते साडेदहाचं गच्चीवरचं ऊन. एकच सावली पडते, आणि किरण समांतर असल्यामुळे खांबांच्या सावल्याही समांतर पडतात. टेबललॅम्पखाली त्या पंख्यासारख्या पसरतात आणि सगळं उघडं पडतं.

आकाशाचा पडदा एक मीटर मागे. हार्डबोर्डवर डिस्टेंपर आणि निळं स्टेनर. कैजूची सावली आकाशावर पडली तर खेळ संपला, म्हणून ऊन कॅमेऱ्याच्या बाजूने तिरकं यायला हवं. दूरच्या घरांपुढे पातळ नेटचं कापड ताणलं की हवेतला धूसरपणा येतो. धुपाचा धूर गच्चीवर वाऱ्याने टिकत नाही.

फोन उलटा धरायचा. उलटा केला की लेन्स खाली येते, जमिनीपासून दीड-दोन सेंटिमीटरवर, म्हणजे १:१०० च्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. चित्र नंतर फिरवून घेता येतं. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. पांढरी धूळ उडाली की फोन स्वतःहून चित्र काळवंडवतो, आणि क्रमांक ५ च्या पहिल्या अर्ध्या सेकंदात तेच झालं आहे.

मोटारी रेल्वे-मॉडेलच्या १:८७ वाल्या. मुलांच्या १:६४ च्या गाड्या स्वस्त, पण त्या लेन्सच्या अगदी पुढ्यात ठेवा; इमारतीच्या दाराशी ठेवल्या तर दार गाडीपेक्षा लहान दिसतं. विजेच्या तारांना शिवणाचा दोरा चालत नाही: लव दिसते, आणि तो हलका असल्यामुळे झोळ पडत नाही. सळयांसाठी सोललेलेच तंतू बोटावरून वाकवून लावले. 'गोजिरा'तले वितळणारे विजेचे मनोरे मेणाचे होते. तो प्रयोग पुढे कधीतरी, उन्हाळा संपल्यावर.

कैजू

सांगाडा ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या दुहेरी पिळलेल्या तारेचा, सांध्यांच्या मधल्या भागाला एम-सील, वर गादीचा स्पंज, त्यावर लेटेक्सचे सहा हात. दुसऱ्या आणि चौथ्या हाताबरोबर टिश्यू पेपर, म्हणजे सुरकुत्या येतात. प्रत्येक हात अर्धा-पाऊण तास वाळू द्यायचा, ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवायचा. शेवटी टाल्कम, नाहीतर काखेची कातडी काखेलाच चिकटते. रंग लेटेक्समध्ये मिसळूनच. नुसता ॲक्रिलिक पहिल्या वाकण्यातच सुटतो. सांगाड्यात तांब्याची तार घालू नका, तांब्याने नैसर्गिक रबर खराब होतं.

दोन्ही पायांत मिळून १५० ग्रॅम शिसं घातलं. त्याआधी तो चालताना उड्या मारत होता. पहिल्या 'गोजिरा'च्या सूटचं वजन १०० किलोच्या घरात होतं आणि आतल्या माणसाचे हाल झाले, पण ते जड पाऊल पडद्यावर दिसतं.

आता खरी अडचण. कॅमेरा दहापट संथ करतो, म्हणजे बाहुली दहापट वेगाने हलवायला हवी. पडद्यावर दोन सेकंदांचं पाऊल हाताने ०.२ सेकंदात टाकावं लागतं. ते होत नाही. होतं तो झटका असतो. म्हणून चालण्याचे शॉट ९६ ते १२० फ्रेमने, आणि फक्त पडझड २४० ने. काटेकोर गणितात हे बसत नाही, पण चालतं.

शेपटीसाठी मात्र रबर. टेबलाखाली ताणलेलं इलॅस्टिक सोडलं की शेपटी फिरते. इमारतीचे मजले चार बांबूच्या टूथपिकांवर टेकलेले. त्यांचा दोरा आणि शेपटीचा दोरा एकाच कडीला. पण टूथपिकांच्या दोऱ्यात २ सेंटिमीटरचा ढिलेपणा ठेवायचा. कडी सेकंदाला साधारण सव्वा मीटर वेगाने सरकते, म्हणजे तो ढिलेपणा संपायला चार फ्रेम लागतात, पडद्यावर सेकंदाचा सहावा भाग. आधी मार, मग एक क्षण काहीच नाही, मग इमारत खचते. क्रमांक ६ मध्ये हे जमलं. दोन्ही दोरे सारख्या लांबीचे असताना इमारत शेपटी लागायच्या आधीच घाबरून खाली बसल्यासारखी दिसत होती.

डोकं लोहचुंबकावर बसवलं आहे, म्हणजे बदलता येतं. हा धडा थेट 'अल्ट्रामॅन' बनवणाऱ्या एइजी त्सुबुरायांच्या स्टुडिओतला. १९६५ च्या चित्रपटातल्या बारागोन या राक्षसाचा सूट 'अल्ट्रामॅन'च्या आधीच्या 'अल्ट्रा क्यू' मालिकेत पागोस झाला, मग 'अल्ट्रामॅन'मध्ये नेरोंगा, मागुलार आणि गाबोरा. आठव्या आणि नवव्या भागात लागोपाठ तोच सूट आहे आणि गाबोराच्या डोक्याभोवती मिटणाऱ्या पाकळ्यांमुळे पटकन ओळखू येत नाही. दहाव्या भागातला जिरास तर चक्क गळ्याभोवती झालर लावलेला गोजिरा. अल्ट्रामॅन ती झालर उपटतो आणि खाली कोण आहे ते सगळ्यांना दिसतं. तंगीची इतकी खेळकर कबुली दुसरीकडे क्वचितच सापडेल. अमेरिकेत बाहुल्या एकेका फ्रेमला हलवून चित्रपट करणाऱ्या रे हॅरीहाउसेनने १९५५ च्या चित्रपटात ऑक्टोपसला सहाच भुजा दिल्या, कारण आठ हलवायला पैसे नव्हते, आणि उरलेल्या दोन पाण्याखाली असतील असं प्रेक्षकांनी धरून घेतलं. १९५३ च्या 'रोबोट मॉन्स्टर'ने गोरिलाच्या सूटवर पाणबुड्यासारखं शिरस्त्राण ठेवलं. तिथे काहीच लपलं नाही, पण चित्रपट अजून आवडीने बघितला जातो.

एक गोष्ट कापायची: पाणी. १:१०० ला पाण्याचा थेंब लहान होत नाही. ४ मिलिमीटरचा थेंब म्हणजे ४० सेंटिमीटरचा गोळा. फुटलेल्या नळाचा शॉट रद्द.

सध्याचा हिशोब: एका इमारतीला दोन दिवस, पडद्यावर १.७ सेकंद. 'अल्ट्रामॅन' लोकप्रिय असूनही ३९ भागांवर थांबली, कारण दर आठवड्याच्या प्रक्षेपणाला काम पुरं पडेना. सहा इमारतींनंतर ते नीट कळतं. पुढच्या टप्प्यात क्रमांक ७ आणि ८ एकाच वेळी ओतायच्या, साचा एकच, खिडक्यांसाठी पत्र्याचा चौकोनी ठसा करून. काचा अजून ठरलेल्या नाहीत. ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद, तुटत नाही, नुसती वाकते. सूक्ष्मदर्शकाच्या कव्हर स्लिपा वापरून बघायच्या आहेत, त्या तुटतात, पण झाडताना हातमोजे घालावे लागतील.