पागोळ्यांच्या आवाजात मर्टन

आषाढात रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या पावस गावात वीज गेली की कधी दोन दिवस येत नाही, आणि पडवीत बसून पागोळ्यांचा आवाज ऐकण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. यंदा अशाच दोन दिवसांत मी थॉमस मर्टन यांचे लेख पुन्हा वाचले. अमेरिकेतील केंटकी राज्यात, गेथसेमनी मठालगतच्या रानातल्या झोपडीत, कंदिलाच्या उजेडात ट्रॅपिस्ट या कॅथलिक संन्यासी संघाचे हे साधू पाऊस ऐकत बसत. त्या पावसावर त्यांनी जे लिहिले, त्यात पहाटे साडेतीनला ढगांखालून जाणारे बॉम्बफेकी विमानही येते. एकांतात बसलेल्या माणसाला ते विमान ऐकू येते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मर्टन १० डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी, मठात दाखल झाले. पुढे अण्वस्त्रे आणि वर्णभेद यांवर ते इतके स्पष्ट लिहू लागले की १९६२ मध्ये त्यांच्या संघाच्या वरिष्ठांनी युद्ध आणि शांतता या विषयावर काही छापण्यास त्यांना मनाई केली. त्यांनी संघ सोडला नाही आणि तयार असलेले पुस्तक छापलेही नाही. मात्र याच विषयावरची आपली पत्रे सायक्लोस्टाइल करून ते मित्रांमध्ये फिरवत राहिले. तरुणपणी मला ही आज्ञाधारकता भित्रेपणाची वाटत असे. आता वाटते की व्रत आणि विवेक या दोहोंपैकी एकही टाकायचे नसेल, तर माणसाला अशीच अवघड, चिंचोळी वाट काढावी लागते. १९६५ मध्ये ते झोपडीत कायमचे राहायला गेले आणि त्याच वर्षी गांधीजींच्या अहिंसाविषयक विचारांचे त्यांनी केलेले संकलन प्रसिद्ध झाले.

आमच्या गावाला हे अगदीच परके नाही. स्वामी स्वरूपानंदांनी स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास भोगला होता, आणि नंतर येथेच एका घरात सुमारे ४० वर्षे राहून त्यांनी ज्ञानेश्वरी अभंगांत आणली. त्यांच्या लेखनाचा विषय वेगळा होता, पण ती खोली पाहताना मला मर्टन यांची झोपडी आठवते.

खाडीतल्या वाळूउपशाविषयी मी दोन वर्षांपूर्वी लिहायला घेतलेला लेख, ट्रक ओळखीच्यांचेच असल्यामुळे, फडताळात तसाच पडून होता. काल संध्याकाळी तो बाहेर काढला. कागदाला ओल धरून शाई पसरली आहे, पण अक्षर लागते.