पिचरांच्या दुखापतींची वही : कोपरानंतर खांदा

बेसबॉलमधील पिचरांच्या, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंच्या, कोपराच्या नोंदी या वहीत मागच्या टप्प्यात पूर्ण झाल्या होत्या. या वेळी खांद्याच्या लावून झाल्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, चर्चा कोपराची अधिक होत असली, तरी पिचरची कारकीर्द खांद्यापाशी अधिक सहज संपते.

कोपराच्या बाजूला पहिली नोंद अर्थातच टॉमी जॉनची. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या या डावखुऱ्या पिचरच्या कोपरातला आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, जुलै १९७४ मध्ये तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हाताची कंडरा काढून ती डाव्या कोपराच्या हाडांना पाडलेल्या छिद्रांतून ओवली. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वळवले, की बहुतेकांच्या मनगटावर मधोमध जी दोरी उठून दिसते, तीच ही कंडरा; ती काढल्याने हाताचे फारसे काही अडत नाही. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय त्यानंतरचे आहेत. जस्टिन व्हरलँडरनेही २०२० मध्ये हीच शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०२२ मध्ये १.७५ ईआरएसह (पिचरच्या खात्यावरच्या धावांची दर नऊ डावांमागची सरासरी) लीगमधील सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला.

खांद्याचे गणित वेगळे आहे, आणि ते समजण्यासाठी फेक संथ गतीने पाहावी. धड फलंदाजाकडे वळू लागलेले असते, तरी पंजा मागेच राहतो आणि कोपरापुढचा हात जवळजवळ जमिनीला समांतर होईपर्यंत मागे झुकतो. तेथून दंड सेकंदाला सात हजार अंशांहून अधिक वेगाने पुढे फिरतो. झुकलेल्या त्या क्षणी कोपराचा एकच अस्थिबंध ताणला जातो. खांद्यात मात्र सांध्याचे आवरण, लॅब्रम (खोबणीच्या कडेची कूर्चेची कड) आणि रोटेटर कफ (सांध्याभोवतीचे स्नायू आणि त्यांच्या कंडरा) हे सगळेच कामाला लागतात, शिवाय चेंडू सुटल्यावर शरीराच्या वजनाइतक्या ओढीला तोंड देत हात थांबवायचा असतो. त्यातही जो सैलपणा सांध्याला धोक्यात आणतो, तोच वेगही देतो. त्यामुळे सर्जनने सांधा फार घट्ट केला तर वेग जातो आणि सैल ठेवला तर दुखणे परतते.

योहान सान्तानाची नोंद लिहिताना फार वाईट वाटले. सप्टेंबर २०१० मध्ये खांद्याच्या आवरणाची शस्त्रक्रिया झाली, २०११ चा हंगाम पूर्ण गेला, १ जून २०१२ रोजी त्याने एकाच सामन्यात तब्बल १३४ चेंडू टाकून न्यूयॉर्क मेट्स संघाच्या इतिहासातला पहिला नो-हिटर (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना) नोंदवला, आणि २०१३ मध्ये आवरण पुन्हा फाटले. त्यानंतर तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, खेळला नाही. या शेवटाचा दोष त्या १३४ चेंडूंवर ठेवणे मला घाईचे वाटते, कारण सांधा आधीच दुरुस्त केलेला होता. ब्रँडन वेब तर २००६ चा साय यंग विजेता. एप्रिल २००९ मधील सलामीच्या सामन्यानंतर खांद्याच्या दुखण्यामुळे तो मेजर लीगमध्ये परतलाच नाही.

ऑरेल हर्शायझर हा ठळक अपवाद आहे. १९९० मध्ये जोब यांनीच त्याचा खांदा दुरुस्त केला आणि तो २००० पर्यंत खेळला. असे अपवाद कशामुळे घडतात हे कळावे म्हणून पुढच्या टप्प्यात आवरणाच्या आणि लॅब्रमच्या दुखापतींची पाने वेगळी करणार आहे.