पुडीला औषध म्हणत नाहीत

बासष्ट वर्षांच्या बाई, लघवीतलं इन्फेक्शन, बीपी ७०/४०. दोन लिटर सलाइन झालं, अँटिबायोटिकही पहिल्या तासात गेलं, तरी पहाटे नॉरॲड (बीपी चढवणारं नॉरॲड्रिनलिन) ०.४ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिटवर. साखर ५८ आली. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनने सगळं शरीर कोलमडतं तेव्हा, घसरते कधीकधी, म्हणून डेक्स्ट्रोज देऊन सगळे पुढे गेले.

सोडियम १२४, म्हणजे कमी; पोटॅशियम ४.१, नॉर्मल. पोटॅशियम वाढलेलं नाही म्हणून रेसिडेंटने ॲड्रिनल ग्रंथी (कॉर्टिसॉल हे अंगातलं स्टेरॉइड बनवणाऱ्या) बंद पडल्याचा विचार सोडून दिला. पुस्तक अर्धंच वाचलं की असं होतं. बाहेरच्या स्टेरॉइडने ग्रंथी निजवल्या असतील तर पोटॅशियम सांभाळणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन शाबूत राहतं, पोटॅशियम हलत नाही.

राउंडला मी हात पाहिले. कागदासारखी कातडी, जांभळे डाग, चेहरा भरलेला, दंड मात्र काडीसारखे: बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्याच्या खुणा. केसपेपरवर 'चालू औषधं : नाहीत'.

सुनेला विचारलं, "सासूबाई गुडघ्यांसाठी काही घेतात का?"

"औषध नाही हो डॉक्टर, पुडी घेतात. तीन वर्षं झाली. पण चार दिवस उलट्या, पोटात काही ठरतच नव्हतं."

कॉर्टिसॉलसाठी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. रक्त आधीच काढायचं, कारण हे इंजेक्शन म्हणजे कॉर्टिसॉलच. नंतरचा आकडा कामाचा नाही. मग २०० मिलिग्रॅम ५० मिली सलाइनमध्ये, सिरिंज पंपावर ताशी २.१ मिली. सहा-सहा तासांनी ५० दिलं तरी चालतं, पण दरवेळी साखर उसळते आणि सिस्टर इन्सुलिनमागे पळत बसतात. संध्याकाळी नॉरॲड ०.०८. साखर तरीही २६०. कॉर्टिसॉल १.८ आलं, अगदीच कमी.

खरं तर पुडीचा शोध लागला नसता तरी चाललं असतं. नॉरॲड ०.२५ किंवा वर चार तास राहिलं की हायड्रोकॉर्टिसोन सुचवावं, हे २०२१ च्या सेप्सिस मार्गदर्शक सूचनांत आहे. आमचे सात तास गेले. त्याच वर्षीच्या म्युकरनंतर (कोविडनंतरची काळी बुरशी) पोरं स्टेरॉइडला बिचकतात. शिवाय हायड्रोकॉर्टिसोनवरच्या २०१८ च्या 'ॲड्रिनल' नावाच्या संशोधनाचा दाखला तयार असतोच: ३८०० रुग्ण, शॉक लवकर उतरला, पण ९० दिवसांच्या मृत्यूंत फरक नाही. मान्य. पण या बाईंच्या अंगात कॉर्टिसॉलच नव्हतं, त्यांना ते गणित कसं लावणार?

आता मात्रा उतरवायची, तीही हळूहळू. सुनेने एक पुडी आणून दिली आहे. पांढरट भुकटी, सुंठेचा वास. आत कोणतं स्टेरॉइड आणि किती, हे तिच्यावर कुठेच लिहिलेलं नाही.